प्राध्यापकाचा मुशाहिरा



डॉ. पंजाबराव तथा भाऊसाहेब देशमुख यांच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्यासपीठावरून कृषी, सहकार, शिक्षण, अस्पृश्यतानिवारण यांपैकी कोणत्याही विषयावर बोलता आले असते; कारण पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेल्या आणि १९६५ साली निवर्तलेल्या या पुरुषाने अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहापासून केंद्रीय कृषिमंत्रिपदापर्यंत जे जे हाती घेतले, त्यातील प्रत्येक कार्य एकेका व्याख्यानाला पुरून उरेल असे आहे. मी मात्र त्यांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयांच्या वर्गांत जो माणूस खडू हातात घेऊन उभा राहतो, त्याच्या मुशाहिऱ्याविषयी आणि त्याच्या मनाविषयी बोलणार आहे. विद्यादानासारख्या पवित्र कार्याची चर्चा दरमहाच्या आकड्यापासून सुरू व्हावी, हे आपल्यापैकी काही ज्येष्ठांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या समाजाने या पावित्र्याचा उच्चार पदोपदी केला, त्याच समाजाने त्या पावित्र्याची सबब पुढे करून अध्यापकाचे देणे वारंवार थकविले आहे, आणि म्हणून हा विषय टाळणे मला प्रशस्त वाटत नाही.

वऱ्हाडात या विषयावर दोन मते कानावर येतात. अध्यापकांच्या सभांत ऐकू येते की वेतनश्रेणी सुधारल्याखेरीज अध्यापन सुधारणार नाही. आणि बसस्थानकावर, कापसाच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात ऐकू येते की मास्तर लोकांचे पगार लाखाच्या घरात गेले आणि शिकविणे मात्र आटले. या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, पण दोहोंचाही पाया एकच आहे आणि तो कच्चा आहे. वेतन म्हणजे केवळ एक रक्कम आणि ती चढली की मन चढते, उतरली की उतरते, असे दोघेही गृहीत धरतात. वेतन किती, याइतकेच ते केव्हा मिळते, कोणाच्या मर्जीने मिळते, शेजारी बसणाऱ्या, तेच काम करणाऱ्या सहकाऱ्याला काय मिळते आणि त्या वेतनाबरोबर संस्थेच्या कारभारात आपल्याला काही स्थान आहे किंवा नाही, या गोष्टींवर अध्यापकाचे समाधान अवलंबून असते, असे माझे मत आहे. आणि ते कसे, हे सांगण्यासाठी मला प्रथम पुण्याकडे वळावे लागेल.

भाऊसाहेब ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, त्या महाविद्यालयाची मातृसंस्था, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी महाविद्यालय उघडले. तेथील आजीव सदस्यांनी २० वर्षे सेवा देण्याचे वचन द्यावे आणि निर्वाहापुरते वेतन घ्यावे, असा शिरस्ता होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्रजी, गणित, इतिहास असे विषय शिकवीत, १९०२ साली निवृत्त होईपर्यंत, आपली उमेदीची वर्षे तेथे वेचली. धोंडो केशव कर्वे १८९१ साली गणित शिकविण्यासाठी तेथे रुजू झाले. महिना ७५ रुपये हा या मंडळींच्या वेतनाचा आकडा महाराष्ट्रात त्यागाचे मोजमाप म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला, आणि पुढे जेव्हा जेव्हा एखाद्या खाजगी संस्थेतील अध्यापकाने वेतनवाढीचा अर्ज केला, तेव्हा तेव्हा हा आकडा त्याच्यापुढे ठेवण्यात आला.

पण हा इतिहास सांगणारे त्याची एक बाजू नेहमी गाळतात. हे आजीव सदस्य सोसायटीचे नोकर नव्हते. सोसायटीचा दैनंदिन कारभार त्यांच्याच हाती होता. कोणाला घ्यावे, वर्गणी कोठून आणावी, कोणी काय शिकवावे, आणि आपले स्वतःचे वेतन किती असावे, हेसुद्धा तेच आपापसांत वाद घालून ठरवीत. तो वाद सौम्यही नव्हता. लोकमान्य टिळकांनी १८९० साली सोसायटीचा राजीनामा दिला, त्या कलहाच्या मुळाशी जे प्रश्न होते त्यांत सदस्यांनी निर्वाहापलीकडे वेतन घ्यावे काय आणि संस्थेबाहेरची कामे करावीत काय, हे दोन ठळक होते. म्हणजे ज्या पिढीला आपण निरिच्छतेचा आदर्श मानतो, त्या पिढीतील थोर पुरुषसुद्धा वेतनाच्या प्रश्नावर एकमेकांपासून दुरावले. मला त्यात कमीपणा दिसत नाही. आपल्या श्रमाचे मूल्य आपण स्वतः ठरवितो, तेव्हा अल्प वेतनातही माणसाचे मन ताठ राहते, आणि ते मूल्य दुसऱ्याने ठरवून वर त्यालाच त्याग असे नाव दिले, तर पुष्कळ वेतनातही ते वाकते, ही गोष्ट त्या कलहातून मला शिकण्यासारखी वाटते.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. ज्या वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी, म्हणजे १९२३ साली, अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, जे पुढे विदर्भ महाविद्यालय झाले आणि आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था या नावाने उभे आहे. तेथील प्राध्यापक सरकारी सेवेत होता. त्याची श्रेणी ठरलेली, बदली ठरलेली, पेन्शन ठरलेली, आणि गावातील त्याचा मानही कलेक्टर कचेरीतील अंमलदाराच्या तोलाचा. भाऊसाहेबांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे महाविद्यालय अमरावतीस १९४६ साली आणि अकोल्यास १९५४ साली निघाले. अकोल्यातच सीताबाई कला महाविद्यालयासारखी इतर महाविद्यालयेही त्या सुमाराच्या उत्साहातून उभी राहिली. या खाजगी महाविद्यालयांनी जे काम केले ते सरकारी महाविद्यालयाकडून होणे शक्यच नव्हते. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अंजनगाव या भागांतील कुणब्याचा, माळ्याचा, महाराचा, तेल्याचा मुलगा, ज्याच्या घरात त्यापूर्वी कोणी फायनल परीक्षेपलीकडे गेले नव्हते, तो त्यांच्यामुळे पदवीधर झाला.

परंतु त्या काळातील अध्यापकाचे वेतन ही एक निराळी कथा आहे. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ साली विद्यापीठातील अधिव्याख्यात्यासाठी ३०० ते ६०० रुपयांची श्रेणी सुचविली होती. पण आयोगाचे शिफारसपत्र दिल्लीत होते आणि संस्थेची तिजोरी गावात. महाराष्ट्रातील अनेक खाजगी संस्थांत अध्यापकाने सही एका आकड्यावर करावी आणि हातात दुसरा आकडा घ्यावा, एप्रिलअखेर त्याला सेवामुक्त करावे आणि जूनमध्ये पुन्हा नेमणुकीचा हुकूम द्यावा, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीचा तनखा वाचतो, असे प्रकार त्या काळी घडत असत, हे त्या पिढीतील कोणीही वृद्ध अध्यापक आपल्याला सांगेल. ज्या माणसाला वैशाखात आपण ज्येष्ठात कोठे असू हे ठाऊक नाही, त्याने सुट्टीत पुढील वर्षीच्या पाठांची तयारी करावी, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

ही अवस्था पालटली ती उपकाराने पालटली नाही. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात अध्यापकांच्या वेतनाचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर पुन्हा मांडला. १ जानेवारी १९७३ पासून ७०० ते १६०० रुपयांची श्रेणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिफारशीने आली. आणि पुढे वेतनाचा भार शासनाने उचलून ते संस्थाचालकाच्या हातून न जाता अध्यापकापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था झाली. या व्यवस्थेसाठी लढणाऱ्या संघटनांत नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ, म्हणजे आपण सारे ज्याला ‘नुटा’ म्हणतो, त्याचे स्थान वऱ्हाडात आगळे आहे. प्रा. बी. टी. देशमुख यांनी अमरावतीच्या पदवीधर मतदारसंघातून दीर्घकाळ विधान परिषदेत बसून शासन निर्णयाच्या कलमाकलमाचा जो पाठपुरावा केला आणि नुटा बुलेटिनाच्या बारीक टाइपाच्या पानांतून शासन निर्णय, न्यायालयाचे निवाडे आणि सभागृहातील प्रश्नोत्तरे जशीच्या तशी छापून सामान्य अध्यापकाला आपला हक्क वाचावयास शिकविले, ते कार्य या प्रांताच्या शैक्षणिक इतिहासात नोंदले जावे इतके मोलाचे आहे. धारणी, चिखलदऱ्यासारख्या आडगावचा अध्यापक वेतनश्रेणीतील आपल्या स्थाननिश्चितीचा तक्ता घेऊन उच्च शिक्षण सहसंचालकांच्या दफ्तरात उभा राही, तेव्हा त्याच्या पिशवीत त्या बुलेटिनाचा एक अंक असे.

त्यानंतरच्या श्रेणी आपणा सर्वांस ठाऊक आहेत. १९८६ ची २२०० ते ४०००, १९९६ ची ८००० ते १३५००, आणि २०१६ पासूनची, जीत सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, ती महाराष्ट्रात मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाली. येथे माझे लक्ष आकड्यांपेक्षा तारखांकडे जाते. श्रेणी ज्या दिवसापासून देय झाली आणि ज्या दिवशी ती प्रत्यक्ष हाती पडली, त्या दोन दिवसांमध्ये दर वेळी वर्षे गेली, आणि त्या वर्षांत १९८७ चा देशव्यापी संप झाला, २०१३ साली परीक्षांच्या कामावरील बहिष्कार झाला, मोर्चे झाले, न्यायालयात अर्ज झाले. १९९१ ते २००० या काळात नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसताना नेमलेल्या अध्यापकांची सेवा कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हा प्रश्न तर इतका लांबला की नेमणुकीच्या वेळी तरुण असलेले कित्येक जण त्याच्या निकालाची वाट पाहत निवृत्तीच्या उंबरठ्याशी आले. मागून मिळालेल्या थकबाकीने घराचे कर्ज फिटते, मुलीचे लग्न होते, हे खरे. पण दहा वर्षे आपण अन्यायाखाली काम करीत आहोत ही भावना मनात वागविलेल्या माणसाला ती दहा वर्षे थकबाकीच्या रकमेत परत मिळत नाहीत.

मग वेतन वाढले, ते हाती आले, तेव्हा अध्यापन सुधारले काय? बसस्थानकावरील नागरिकाचा हा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. त्याचे उत्तर देण्यास मला एका परदेशी प्रयोगाचे साह्य होते. इंडोनेशियाने २००५ साली शिक्षक व प्राध्यापक या दोहोंसाठी एक कायदा केला आणि त्यान्वये प्रमाणित शिक्षकाला मूळ वेतनाइतकाच भत्ता, म्हणजे जवळजवळ दुप्पट वेतन, देण्याचे ठरविले. काही अर्थशास्त्रज्ञांनी तेथील ३६० शाळा घेतल्या, त्यांतील १२० शाळा चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडल्या आणि तेथील पात्र शिक्षकांना हा लाभ इतरांच्या आधी मिळवून दिला. २०१८ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दुप्पट वेतनाने शिक्षकांचे समाधान वाढले, पैशाची विवंचना घटली, दुसरी नोकरी करण्याचे प्रमाणही उतरले. पण दोन आणि तीन वर्षांनी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या ज्ञानात कोणताही फरक आढळला नाही.

या निष्कर्षाचा आधार घेऊन कोणी वेतनवाढीस विरोध करील, तर तो घाई करील. तो प्रयोग आधीपासून नोकरीत असलेल्या माणसांवर झाला. चांगले वेतन आहे म्हणून दहा वर्षांनी कोणत्या प्रतीचा तरुण या व्यवसायाकडे वळेल, हे त्यात मोजलेले नाही, आणि माझ्या मते वेतनाचा खरा परिणाम तेथेच होतो. अकोल्याच्या एखाद्या बुद्धिमान विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानात प्रथम श्रेणी मिळवावी आणि मग बँकेत जावे, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जावे की महाविद्यालयात यावे, हे तो ठरवितो तेव्हा वेतनाचा आकडा त्याच्यापुढे असतोच. पण जो आला आहे आणि स्थिरावला आहे, त्याला अधिक पैसे दिल्याने तो अधिक चांगला शिकवील, ही समजूत मात्र त्या प्रयोगाने खोटी ठरविली.

असे का व्हावे, याचे एक उत्तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग याने १९५९ साली आपल्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडते. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांना त्याने विचारले होते की तुम्हाला कामात अत्यंत आनंद केव्हा झाला आणि अत्यंत उद्वेग केव्हा आला, ते सांगा. आनंदाच्या हकिगतींत काहीतरी साधल्याचे, कोणी ते ओळखल्याचे, जबाबदारी मिळाल्याचे आणि मूळ कामाच्या गोडीचे वर्णन आले. उद्वेगाच्या हकिगतींत वरिष्ठांचे वर्तन, कार्यालयाचे नियम, कामाची परिस्थिती आणि वेतन हे आले. त्यावरून त्याने सिद्धान्त बांधला की वेतनाच्या अभावाने असंतोष होतो, पण वेतनाच्या असण्याने संतोष होत नाही. या सिद्धान्तावर पुढे टीकाही पुष्कळ झाली, आणि तिच्यात तथ्य आहे, कारण यशाचे श्रेय स्वतःकडे आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर, हा मनुष्यस्वभावच आहे. तरीही आपल्या महाविद्यालयांच्या संदर्भात मला त्याचे म्हणणे बरेचसे पटते. एखाद्या चांगल्या प्राध्यापकाला त्याच्या आयुष्यातील समाधानाचा क्षण विचारा, तो वेतननिश्चितीचा दिवस सांगणार नाही.

वि. भि. कोलते यांचे उदाहरण घ्या. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर अध्यापकी केली, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले, आणि त्याच्या जोडीला महानुभावांच्या मठांतून, सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या पोथ्यांतून, मराठीचे आद्य गद्य शोधून काढण्याचे व्रत चालविले. त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रकाशात आले, तेव्हा ते सत्तरीचे होते. ज्या रिद्धपुरात त्या ग्रंथाच्या लीळा गोळा झाल्या, ते रिद्धपूर याच अमरावती जिल्ह्यात आहे, आणि आज तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले आहे. मठातील अर्ध्या अंधारात एका पोथीच्या पाठभेदावर दिवस घालवा, असे कोलत्यांना कोणत्याही वेतनश्रेणीने सांगितले नव्हते, आणि घातला नसता तरी त्यांची एक वेतनवाढही रोखली गेली नसती. पण त्याच वेळी हेही विसरू नये की त्यांच्या पायाखाली स्थिर अध्यापकी होती, ग्रंथालयाचे दार उघडे होते आणि दर महिन्याला घरी काय जाईल याचा घोर नव्हता. प्रेरणा वेतनातून उत्पन्न होत नाही. तिला निर्वेध वावरण्यापुरती जागा मात्र वेतनाच्या निश्चितीने मिळते.

आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेने ही प्रेरणा मोजण्याचा प्रयत्न केला, तो मात्र माझ्या मते फसला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. शोधनिबंधाला इतके गुण, परिषदेत हजर राहण्यास इतके, पुस्तकातील प्रकरणास इतके. २०१८ साली ती पद्धत बदलली, तोवर प्राध्यापकांनी फायली तयार करण्यात काही वर्षे घालविली होती, आणि पैसे घेऊन कोणताही निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक देशभर आले होते. आठवड्याला १६ तास शिकविणाऱ्या सहायक प्राध्यापकाकडून संशोधनाची अपेक्षा करणे गैर नाही. पण मोठ्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा हाताशी असलेला आणि तेल्हाऱ्यात एकट्याने विभाग चालविणारा, या दोघांना एकाच मोजपट्टीने मोजले, तेव्हा दुसऱ्याने खोट्या निबंधाची वाट धरली यात दोष एकट्या त्याचा नव्हता. ज्या गोष्टीला गुण नव्हते, ती गोष्ट, म्हणजे वर्गातील मागच्या बाकावरच्या मुलाला विषय समजेपर्यंत त्याच्याजवळ थांबणे, ती त्या वर्षांत ओस पडली.

श्रोतेहो, आतापर्यंत मी ज्याच्याविषयी बोललो तो कायम नेमणुकीचा प्राध्यापक आहे. पण आज अमरावती विभागातील कोणत्याही अनुदानित महाविद्यालयात आपण गेलात तर प्राध्यापक कक्षात आपल्याला दोन प्रकारचे प्राध्यापक दिसतील, आणि त्यांच्यातील फरक त्यांच्या विद्वत्तेवरून किंवा अध्यापनावरून ओळखता येणार नाही. दुसरा आहे तासिका तत्त्वावरचा, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणारा, ज्याला सारे ‘क्लॉक अवर बेसिस’वरून ‘सीएचबीवाले सर’ म्हणतात. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत; शासनाने २०२१ साली राज्यभरातील सहायक प्राध्यापकांच्या २०८८ पदांना मान्यता दिली, तेव्हा रिक्त जागांच्या मानाने ती अपुरीच होती; आणि जे अध्यापन थांबविता येत नाही ते या माणसाच्या खांद्यावर आले.

माझ्या परिचयाच्या अशा एका तरुणाचा दिनक्रम मी आपणासमोर ठेवतो. मराठीत एम. ए., सेट, आणि आता पीएच. डी. सकाळचा पहिला तास अकोल्यातील एका महाविद्यालयात. तो घेऊन गाडीने मूर्तिजापूर, तेथे दुपारचे तास, आणि संध्याकाळी परत. त्याच्या पिशवीत दोन नोंदवह्या असतात. तारीख, वर्ग, तासिका क्रमांक, शिकविलेला घटक आणि सही, अशा रकान्यांत त्याचे आयुष्य नोंदले जाते. महिनाअखेर विभागप्रमुखांची सही, मग प्राचार्यांची, मग देयक तयार होऊन सहसंचालक कार्यालयाकडे, तेथून अनुदानाची वाट. पोळ्याच्या दिवशी त्याच्या सहकाऱ्यांना सुट्टी असते, त्याचा खाडा असतो. परीक्षेचे दिवस, स्नेहसंमेलनाचे दिवस, दिवाळी, बंद, मोर्चा, या साऱ्यांचे मोल त्याच्या मानधनातून वजा होते. महिन्याचे मानधन त्याच महिन्यात हाती आले, असे वर्ष त्याला आठवत नाही. कुरणखेडची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर व्हरांड्यात त्याला महानुभाव गद्यातील शंका विचारते आणि तो तिला ती समजावून सांगतो, कधी पाऊण तास, कधी अधिक. त्या पाऊण तासाला नोंदवहीत रकाना नाही. मूल्यांकन समिती यायची झाली की फायली लावण्यास तोच, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलांबरोबर जाण्यास तोच, कारण पुढच्या जूनमध्ये त्याला पुन्हा मुलाखत द्यावयाची आहे आणि नाही म्हणण्याची त्याची प्राज्ञा नाही. प्राध्यापक कक्षात प्रत्येकाच्या नावाचे लोखंडी कपाट आहे, त्याचे नाही. वेळापत्रकात इतरांच्या नावांची आद्याक्षरे असतात, त्याच्या चौकटीत ‘तासिका’ एवढेच असते.

या तरुणाचे मन समजून घेण्यास आणखी एक सिद्धान्त उपयोगी पडतो. जे. स्टेसी ॲडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडले की माणूस आपल्या मोबदल्याचा विचार एकट्याने करीतच नाही. मी काय दिले आणि मला काय मिळाले, हे प्रमाण तो शेजाऱ्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो, आणि ते विषम दिसले की त्याचे मन अस्वस्थ होते, मग तो श्रम कमी करतो, किंवा मनातून दूर होतो, किंवा निघून जातो. हा तरुण अजून श्रम कमी करीत नाही आणि निघूनही गेलेला नाही. त्याची विद्यार्थ्यांवरील माया त्याला धरून ठेवते, आणि मला भय याचेच वाटते की त्या मायेवर एक संपूर्ण व्यवस्था विसंबून राहिली आहे. गोखल्यांच्या आणि कर्व्यांच्या अल्प वेतनाचा दाखला याला कोणी देऊ नये. त्या मंडळींकडे ७५ रुपयांबरोबर संस्थेचा कारभार होता. कायम प्राध्यापकाकडे आज कारभार नाही, पण वेतन आणि सुरक्षितता आहे. या तिसऱ्याकडे कारभार नाही, सुरक्षितता नाही आणि पूर्ण वेतनही नाही, आणि तरीही त्याच्याकडून अपेक्षा मात्र आजीव सदस्याच्या निष्ठेची केली जाते.

याचा परिणाम त्याच्या एकट्याच्या घरापुरता राहत नाही. विद्यार्थी सारे पाहत असतो. ज्याने आपल्याला सर्वांत मन लावून शिकविले त्या सरांना पुढच्या वर्षी काढले, किंवा ते सुट्टीत दुसऱ्याच्या दुकानावर हिशेब लिहिताना दिसले, हे पाहिलेला मुलगा पीएच. डी.चा विचार का करील? विद्येच्या क्षेत्रात उद्या कोण येणार, हे आज या कक्षात ठरत आहे.

उपाय सांगावयाचा तर पहिला शासनाच्या हाती आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे: रिक्त पदे भरावीत, आणि ती भरेपर्यंत या अध्यापकाची नेमणूक संपूर्ण शैक्षणिक वर्षासाठी करून त्याला सुट्ट्या व परीक्षांच्या दिवसांसह दरमहा ठरल्या तारखेस मानधन द्यावे. यात रक्कम वाढविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व तारखेला आहे. दुसरे कर्तव्य कायम प्राध्यापकांच्या संघटनांचे आहे. ज्या लढ्याने एप्रिलमधील सेवामुक्ती आणि सहीचा खोटा आकडा नाहीसा केला, त्या लढ्याचे वारसदार आज चांगल्या स्थितीत आहेत, आणि त्यांच्याच कक्षात, त्यांच्याच शेजारी, तीच एप्रिलमधील सेवामुक्ती नव्या नावाने परतली आहे. तेव्हा मागणीपत्रात तासिकेचा मुद्दा शेवटी कोठेतरी न येता पहिल्या क्रमांकावर यावा, एवढे मी त्यांना नम्रपणे आणि आग्रहाने सांगेन. तिसरे, विद्यापीठाने या अध्यापकाला अधिकार मंडळांच्या निवडणुकीत मतदार मानण्याची तजवीज कायद्यात व्हावी म्हणून शासनाकडे पाठपुरावा करावा. जो अभ्यासक्रम तो शिकवितो, त्याच्या रचनेत त्याचा आवाज असू नये, याला कोणतेच समर्थन नाही.

आणि काही गोष्टी अशा आहेत की त्यांना मंजुरी लागत नाही, अनुदान लागत नाही. सुट्टीतही चालणारे ग्रंथालयाचे कार्ड, एक कपाट, वेळापत्रकात नाव, विभागाच्या बैठकीचे निमंत्रण, देयकावर महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत होणारी सही, हे सारे महाविद्यालयाच्या चार भिंतींत होण्यासारखे आहे. या सभागृहात अमरावती आणि अकोल्याचे अनेक प्राचार्य उपस्थित आहेत. येत्या जूनचे वेळापत्रक आपण लावाल, तेव्हा तासिकेवरील अध्यापकाचे तास विखुरलेले न ठेवता सलग लावावेत, आणि ते लावण्यापूर्वी त्याला बोलावून विचारावे की दुसऱ्या गावची त्याची गाडी किती वाजताची आहे.